आमची वाटचाल: नोझलच्या टेबलापासून टाकीच्या तळापर्यंत

जळगावात डिझेल इंजिनांच्या पंप-नोझलचं काम सुरू केलं तेव्हा दारात उभे असायचे ते ट्रॅक्टर, जीप आणि केळीचे ट्रक. डिझेलमध्ये पाणी आलं की नोझल जाम व्हायचे, पंपाच्या एलिमेंटला गंज चढायचा. नोझल उघडायचा, साफ करायचा, हँड टेस्टरवर दाब देऊन फवारा बघायचा, एअर काढायची आणि गाडी सोडायची. त्या नोझलचे दाब दीडशे-दोनशे बारचे. थोडं पाणी गेलं तरी इंजिन खोकायचं, पण मरायचं नाही. शिवाय फिल्टरखाली काचेचा बाऊल असे, त्यात पाणी उघड दिसे आणि ड्रायव्हरच ते सोडून देई.

कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच जाड दाबनळीतून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या गाड्या आल्या आणि आमचं काम टेबलावरून उठून गाडीखाली गेलं. रेलमध्ये 1600 ते 2000 बार दाब, इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. पाण्याचा थेंब मध्ये आला की वंगणाचा पापुद्रा तुटतो, धातूवर धातू घासतो आणि बारीक भुकटी रेल, इंजेक्टर, रिटर्न (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी) असा फेरा मारून टाकीत पोचते. मग इंजेक्टर कितीही छान कॅलिब्रेट करा, टाकीच्या तळाशी पाणी किंवा भुकटी उरली असेल तर गाडी महिन्याभरात परत दारात. म्हणून आमच्याकडे आता नियम एकच: टाकी बघितल्याशिवाय इंजेक्टरला पाना लावायचा नाही.

धुळ्याकडचं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "पानी कथाईन उनं भाऊ?" म्हणजे पाणी आलं कुठून. सगळीकडे ठरलेलं उत्तर मिळतं: हवेतल्या दमटपणाचं. हिशोब मांडला तर ते टिकत नाही. 30 अंशाला हवा पूर्ण ओली असली तरी एका घनमीटरमध्ये साधारण 30 ग्रॅम वाफ मावते. 60 लिटरच्या टाकीत 45 लिटर हवा धरा. त्यातली सगळी वाफ खाली उतरली तरी दीड ग्रॅम पाणी होत नाही. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून गाडी उभी राहिली तर थेंबाथेंबाने थोडं साचेल. फिल्टरमधून अर्धा लिटर पाणी निघालं तर ते हवेतून आलेलं नसतं, कुठून तरी आत शिरलेलं असतं.

शिरायच्या जागा ठरलेल्या. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं आणि वॉशिंगवाल्याने प्रेशरची नळी तिथेच धरलेली. पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी, जिच्या टाकीच्या हवेच्या नळीचं तोंड पाण्याखाली गेलं. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी. मोजपट्टीला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावून टाकीत बुडवली की पाण्यात गेलेल्या भागाचा रंग बदलतो. जोराच्या पावसानंतर भरायचं असेल तर ही तपासणी दाखवा म्हणायला लाजू नये.

पण रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात आम्ही सगळ्यात आधी विचारतो ते शेतावरच्या ड्रमबद्दल. ट्रॅक्टर आणि जनरेटरसाठी आणलेलं डिझेल अडचणीला बोलेरोतही पडतं. ड्रम उभा, वर उघड्या पावसात, काठाच्या आत दोन बोटं पाणी साचलेलं. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांमधून बाहेर जाते. रात्री गार पडला की तीच वाट धरून वरचं पाणी आत ओढतो. बूच कितीही आवळा. ड्रम आडवा ठेवावा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे बुचं डिझेलखाली राहतात आणि पाणी साचायला खळगाच उरत नाही. उभाच ठेवायचा तर छपराखाली, आणि नळी तळापासून चार बोटं वर.

धुराचे बीएस 6 नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल 2020 नंतर, एक नवा प्रकार वाढला: डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव, चुकून डिझेलच्या टाकीत. त्यात 32.5 टक्के युरिया, बाकी पाणीच. डॅशबोर्डवरचा 'डिझेलमध्ये पाणी' हा दिवा लागतो, पण साध्या पाण्यापेक्षा हे वाईट. सुकलं की पांढरे खडे होतात. अशा वेळी किल्लीसुद्धा फिरवू नये, कारण बऱ्याच गाड्यांत किल्ली ऑन होताच टाकीतला पंप चालू होतो.

आता काम. गाडी टोचन करूनच आणायला सांगतो. दिवा लागलेला असताना "हळूहळू येतो" म्हणणारा माणूस इंजेक्टरचा खर्च घेऊन येतो. सपाट जागेवर उभी करून फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू दोन-तीन आटे सैल करतो आणि पहिलं 200 मिली पारदर्शक बाटलीत घेतो. बाटली वीस मिनिटं हलवायची नाही. पाणी जड, डिझेलची घनता 0.82 ते 0.84च्या आसपास, त्यामुळे तळाशी सरळ रेघ उमटते. रेघ न दिसता सगळंच दुधाळ राहिलं तर पाणी डिझेलमध्ये घुसळलं गेलंय. ते फिल्टरलाही नीट वेगळं करता येत नाही. रेघेखाली दोन-चार मिली असेल तर फिल्टर बदलून भागतं. त्याहून जास्त असेल तर टाकीकडून येणाऱ्या नळीचं सॅम्पल घेतो, आणि तिथेही पाणी दिसलं तर टाकी उघडायची.

जुना फिल्टर फेकत नाही. कटरने कापून (करवतीने नाही, तिचा कीस आत पडतो) कागदाच्या घड्या पांढऱ्या ट्रेमध्ये पसरतो. तांबूस डाग म्हणजे गंज. काळा बुळबुळीत थर म्हणजे पाणी आणि डिझेल भेटतात त्या रेषेवर वाढलेले जिवाणू आणि बुरशी. आणि बॅटरीच्या उजेडात घड्या तिरप्या धरल्यावर चांदीसारखं चमकलं तर पंप धातू सोडतोय. तिथून खर्चाचा आकडा बदलतो: पंप, रेल, पाइप, इंजेक्टर सगळं मोजावं लागतं. हे गिऱ्हाइकाला ट्रेसमोर उभं करूनच सांगतो.

बऱ्याच कारमध्ये मागच्या सीटखाली झाकण असतं, त्याखाली टाकीचा मॉड्यूल, म्हणजे टाकीतून डिझेल उचलणारा भाग. बॅटरीची निगेटिव्ह काढून, लॉक रिंग सोडवून मॉड्यूल बाहेर घ्यायचा. त्याची सील रिंग नवीच लावायची. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश. भुसावळ-जळगावचा मे महिना 44-45 दाखवतो. "डिझेल आहे, पेटत नाही" हे वाक्य आमच्या शेडमध्ये चालत नाही: पिवळा बल्ब नाही, ग्राइंडर बंद, डिझेल उपसायला हातपंप.

वरचं डिझेल कोणीही काढतो. खरं काम शेवटच्या दोन-तीन लिटरमध्ये आहे, कारण पाणी पिकअपच्या (डिझेल ओढणाऱ्या तोंडाच्या) जाळीखाली आणि टाकीच्या खोबणीत बसतं. काही फोर बाय फोर गाड्यांच्या टाकीला दोन पोटं असतात. एकच रिकामं केलं तर दुसऱ्यातलं पाणी पहिल्या चढाला पुढे येतं. तळ तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसायचा, सुती चिंधी नाही. धुवायला स्वच्छ डिझेलच वापरायचं. पेट्रोल आणि रॉकेल वंगण खातात. फीड आणि रिटर्न नळ्या दोन्ही टोकांनी सोडवून दोन बार हवेने फुंकायच्या.

नवा फिल्टर बसवल्यावर त्यात वरून डिझेल ओतायचं नाही. गाळणीच्या पुढच्या बाजूला कचरा जातो. हातपंपाने, नाहीतर किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून भरायचा. टाकीत किमान 15 लिटर ताजं डिझेल. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. स्कॅनरवर पी2269 हा पाण्याचा कोड पुसून रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब शेजारी ठेवून बघतो. पी0087, म्हणजे रेलमध्ये दाब कमी असल्याचा कोड, परत आला तर चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावायच्या. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट भरलं की दोषी सापडला. दोन-तीनशे किलोमीटरनंतर ड्रेन पुन्हा उघडतो, त्याचे पैसे घेत नाही. हजार किलोमीटरला फिल्टर परत बदलायचा.

"पाणी शोषणारं औषध" आम्ही ठेवत नाही. स्पिरिटवालं असेल तर वंगण कमी करतं, बाकीची बरीचशी पाणी डिझेलमध्ये मिसळवून इंजेक्टरमधूनच पुढे ढकलतात. म्हणजे ज्याला अडवायचं त्यालाच पास दिला. बुरशीसाठीचं बायोसाइड वेगळं. ते चालतं, पण टाकी धुतल्यावर. आधी टाकलं तर मेलेला थर फिल्टर बुजवतो.

उपसलेलं डिझेल दोन दिवस ड्रममध्ये बसवून ठेवतो. "द्या, ट्रॅक्टरला घालतो" असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो. जुन्या, बाऊलवाल्या ट्रॅक्टरसाठी वरचं काचेसारखं स्वच्छ झालेलं तेवढं देतो. ट्रॅक्टर 50 एचपीच्या वरचा आणि 2023 नंतरचा असेल तर आधी बॉनेट उघडून बघतो, कारण त्यातले बहुतेक आता कॉमन रेलचेच. दुधाळ आणि डीईएफ मिसळलेलं डिझेल कोणालाच देत नाही, ते अधिकृत रिसायकलरकडे जातं.