शिडाच्या बोटीवरची आंघोळ: लेफ्कादा ते इथाका

सप्टेंबरात ग्रीसच्या लेफ्कादाहून भाड्याची शिडाची बोट घेऊन आम्ही मेगानिसी, इथाका आणि केफालोनिया अशी फेरी केली. त्या बेटांबद्दल लिहिलेलं भरपूर सापडतं. मी लिहितेय ते गरम पाण्याबद्दल, कारण सोबत आई होती आणि गार पाण्याची आंघोळ तिला अजिबात सोसत नाही.

बोटीवर गीझर असतो, पण तो चालतो इंजिनाच्या जिवावर. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी स्वतः तापतं आणि जाड आवरणाच्या टाकीतल्या वेटोळ्यातून फिरतं. आमची टाकी ४० लिटरची होती. पाऊण तास इंजिन चाललं की नळाला कडकडीत पाणी! इंजिनातलं पाणी ८० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे चटका बसतो. गार नळ आधी सोडा आणि मुलांना बादलीत विसण घालूनच पाणी द्या.

टाकीत विजेची कॉइलही असते, ती धक्क्यावरची वीज जोडली तरच चालते. बॅटरीवर हे जमत नाही. ४० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला जवळपास १.९ युनिट लागतात. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात जेमतेम १.२ युनिट.

म्हणून आंघोळीची वेळ वाऱ्यावरून ठरवा. या भागात उन्हाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो, इंजिनावरच जावं लागतं. वायव्येचा वारा, ज्याला इथे मैस्त्रो म्हणतात, दुपारी सुटतो. आम्ही दुपारच्या मुक्कामाला नांगर टाकला की आईची आंघोळ पहिली. टाकी चांगली असेल तर संध्याकाळीही पाणी कोमट मिळतं. रात्री बंदरात पाण्यासाठी इंजिन सुरू करू नका, शेजारच्या बोटींवर माणसं झोपलेली असतात.

उन्हात तापणारी काळी पिशवी जरूर न्या, पण १० लिटरची. २० लिटरची भरली की वीस किलो होते, डुलत्या डेकवर टांगताना जीव मेटाकुटीला येतो. शेगडीवर किटली ठेवलीत तर नंतर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. आंघोळीसाठी गॅसचा इन्स्टंट गीझर असेल आणि धूर बाहेर नेणारी नळी नसेल, तर तो वापरूच नका.

बोट ताब्यात घेताना टाकी किती लिटरची, गार-गरम मिसळणारा व्हॉल्व्ह आहे का आणि विजेच्या कॉइलचं बटण कुठे, एवढं विचारून घ्या. टाकी रिकामी असताना ते बटण दाबलं तर कॉइल जळते.