स्वमग्नतेच्या दाखल्यासाठी तीन बुधवार

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. गाडीत उभं राहून "पुढे सरका" ओरडणारा मीच, त्यामुळे रांगेचं मला भय नाही. पण नातवाच्या दाखल्यासाठी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तीन खेपा झाल्या, त्यातली दुसरी आठवली की अजून डोकं तापतं.

नातू सहा वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. स्वतःहून फार थोडं बोलतो, पण ऐकलेलं वाक्य त्याच सुरात परत म्हणतो. शाळेत पुढे सवलती मिळायच्या तर दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लागतं असं त्याच्या बाईंनी सांगितलं. मुलगा आणि सूनबाई दोघं नोकरीला, मी रिकामा. काम माझ्याकडे आलं.

अर्जाचं काही विशेष नाही. सूनबाईनं सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर मोबाइलवरूनच भरला. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, झालं.

पहिल्या बुधवारी गेलो तर डॉक्टर शिबिराला गेलेले. निघण्याआधी फोन करून विचारायचं असतं, हे मला खिडकीवर कळलं. तिथल्या कारकुनानं वर विचारलं, "आजोबा, मतिमंद लिहू का?" मी म्हटलं, ऑटिझम लिहा. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यात तो स्वतंत्र आहे. सूनबाईनं हे मला घरून पाठ करून पाठवलं होतं, म्हणून बरं. तुम्हीही पाठ करून जा.

दुसऱ्या बुधवारी मी आणि नातू पहिल्या गाडीनं निघालो. साडेआठला खिडकीवर, नंबर सत्तेचाळीस. व्हरांडा अरुंद, बाकडी दोन, माणसं साठ-सत्तर. डोक्यावर एक ट्यूबलाइट लुकलुकत होती. मला ती दिसलीही नव्हती, त्याला तिच्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. शिपाई लोखंडी दार आपटत आत-बाहेर करायचा आणि दर वेळी हा कानांवर हात दाबायचा. डॉक्टर दहाला आले. अकरापर्यंत यानं बोटं हलवत, माझा शर्ट चावत कसंबसं निभावलं. मग जमिनीवर आडवा झाला आणि असा ओरडायला लागला की अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला.

एक बाई म्हणाल्या, लाडावलंय. एक गृहस्थ म्हणाले, "काका, दोन ठेवून द्या, गप बसेल." बत्तीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून शिव्या खाल्ल्या, पण हे फार लागलं. आणि खरं सांगतो, मीही त्याला दंडाला धरून गदागदा हलवलं. तो आणखी ओरडला. हट्ट असता तर बिस्किटाचा पुडा बघून थांबला असता. पुडा त्याच्या पायाशी पडला होता, त्याला तो दिसतच नव्हता. तेव्हा कुठे मला कळलं की याला काही नको आहे, याला हे सगळं सोसवत नाही. उचलला आणि बाहेर कडुनिंबाखाली नेला. तिथे अर्ध्या तासानं शांत झाला. पण मग नंबर जाईल म्हणून परत आत आणला. ही माझी दुसरी चूक.

एक वाजता नंबर लागला तेव्हा पोर माझ्या खांद्यावर गाढ झोपलेलं. डॉक्टर म्हणाले, झोपलेल्या मुलाची तपासणी कशी करू, पुढच्या बुधवारी आणा. मी म्हटलं, साहेब, याला वाट बघता येत नाही, त्याचाच तर दाखला पाहिजे. ते हसले. बाहेरची गर्दी बघता त्यांचंही चुकलं नसेल. पण माझा राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्या खेपेला सूनबाईनं रजा काढली. ती रांगेत, मी आणि नातू कडुनिंबाखाली. दोन माणसांशिवाय जाऊच नका. शिपायाला मोबाइल नंबर देऊन ठेवला, त्यानं खरंच फोन केला. कानांवर घालायचे हेडफोन नेले होते. आणि मी एक पट्टी केली होती, गाडीच्या मार्गफलकासारखी: घर, एसटी, झाड, डॉक्टर, इडली, घर. प्रत्येक थांब्याचं चित्र. थांबा झाला की पंचनं भोक पाडायचं, टक्. (खात्याचा पंच निवृत्तीला जमा केला, हा स्टेशनरीच्या दुकानातला.) पुढे काय येणार हे दिसत असलं की तो कितीतरी जास्त धीर धरतो. आता शाळेतही बाईंनी तशीच पट्टी भिंतीला लावली आहे, याचा मला बक्षीस मिळाल्यासारखा आनंद आहे.

आत ऑटिझम किती आहे हे मोजायची आयएसएए नावाची चाचणी असते. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत, १०६ पर्यंत सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. बरंचसं घरच्यांनाच विचारतात. हाक मारल्यावर बघतो का? मी म्हटलं, बघतो की! इतर मुलांत खेळतो का? खेळतो! सूनबाईनं टेबलाखालून माझा पाय दाबला. आजोबाला वाटतं आपल्या नातवाला चांगले गुण मिळावेत. इथे हिशेब उलटा आहे. मग तिनं मोबाइलवरचे दोन व्हिडिओ दाखवले, एक लग्नाच्या बँडचा आणि एक केस कापतानाचा, आणि बाईंनी लिहून दिलेलं पत्र. तुमच्या मुलाचा नेहमीचा दिवस जसा असतो तसा सांगा, पाहुण्यांसमोरचा नको. गुण आले ११८.

दाखल्यावर दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त लागलं की बऱ्याच सवलती सुरू होतात. एसटीत भाड्यात ७५ टक्के सूट, हे मला तोंडपाठच होतं. जुन्या पद्धतीनं आयकर भरत असाल तर दिव्यांग मुलासाठी ७५,००० रुपयांची वजावट. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना आहे, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, त्यात थेरपीही बसते. त्याचा अर्ज वेगळा.

आधी सांगायचं राहिलं, प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स न्या. दवाखान्यासमोरच्या दुकानात रांग आतल्यापेक्षा मोठी असते.

कार्ड पोस्टानं घरी आलं. नातवानं ते हातात घेतलं, उलटंसुलटं बघितलं, "पुढे सरका" म्हणाला आणि पंच आणायला धावला. तेव्हा मूळ कार्ड वरच्या फळीवर ठेवा.