पांढरा ठिपका

मागच्या आठवड्यात काकूचा पार्ल्याहून फोन आला. “तुझ्या काकांची ती धुराडी एकदाची घेऊन जा रे. मला कपाट रिकामं हवंय.” काका जाऊन आता चार वर्षं झाली. कपाटात दुसरं काय ठेवायचंय, ते मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी गेलो. बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे, आणि त्यांत काकांच्या जुन्या पायमोज्यांत गुंडाळलेले पाइप. एका मोज्यात एक. मोजे मोजले तर एकतीस भरले. मी आयुष्यात साधी विडी ओढलेली नाही, पण मोज्यांतून जो वास आला त्यानं एकदम पाय दुमडून जमिनीवरच बसलो. गूळ, ओली माती आणि जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा, असा काहीतरी मिळून तो वास असतो.

एकतीसचा हिशोब मला पाठ आहे. ओढून झालेल्या पाइपच्या लाकडात ओल मुरते, त्यामुळे त्याला किमान एक दिवस विश्रांती द्यावी लागते. म्हणून सात वारांचे सात. यात काही वावगं नाही. विलायतेत सात पाइपांची पेटी मिळायचीच, सोमवार ते रविवार. “मग वरचे चोवीस कशाला?” असं काकूनं एकदा विचारलं होतं. काका पाइप तोंडातून न काढता म्हणाले, “एकादश्या.”

काका बोटीवर इंजिनियर होते. सत्तरच्या दशकात त्यांची मालबोट कधीतरी डब्लिनला लागली, आणि तिथं त्यांनी पगारातला बराचसा भाग देऊन पहिला पाइप घेतला. पीटरसन. झालं. पुढं जन्मभर ते पीटरसनवाले. मिलानचा एक साविनेली आणि अमेरिकेतला एक कणसाचा पाइप एवढे दोन उपरे त्यांच्याकडे होते. कणसाचा म्हणजे खरोखरच मक्याच्या बुरकुंडाचा. मिसुरीत 1869 पासून करतात. पण हे दोघे पाहुणे. घरचा माणूस एकच.

चार्ल्स पीटरसनची गोष्ट काका आमच्या घराण्यातल्या एखाद्या पूर्वजाची सांगावी तशी सांगत. तो लाटव्हियाचा. डब्लिनला आला, ग्राफ्टन स्ट्रीटवरच्या काप बंधूंच्या दुकानात गेला आणि पुढं त्यांचा भागीदारच झाला. 1890 मध्ये त्यानं पाइपच्या दांड्यात एक बारकी विहीर खोदायची युक्ती काढली, म्हणजे धुरातली ओल तिथं साठते आणि धूर कोरडा येतो. 1898 मध्ये त्यानं तोंडात धरायच्या टोकाचं भोक वरच्या अंगाला घेतलं. धूर जिभेवर न आदळता टाळूला जावा म्हणून. हे सांगताना काका स्वतःचा आ वासून आम्हाला टाळू दाखवत. टाळू हा शब्द मी शाळेत नाही, तिथं शिकलो.

वरच्या मजल्यावर बँकवाले काका राहायचे. बँकेनं त्यांना तीन वर्षं लंडनला पाठवलं होतं, आणि तिथून ते डनहिलवाले होऊन परतले. त्यांच्याकडे पाइप चारच, पण चारही पांढऱ्या ठिपक्याचे, म्हणजे नळीवर डनहिलची खूण असलेले. रविवारी दुपारी जेवणं झाली की दोघं आमच्या गॅलरीत बसायचे. किराणा घराण्याच्या गवयानं जयपूर घराण्याच्या गवयासमोर बसून मान डोलवावी आणि ती डोलवताना जराशी वाकडी करावी, तसं चालायचं.

“तुमच्या पाइपला विहीर लागते, कारण मुळात लाकूड ओलं,” बँकवाले काका म्हणायचे.

“आणि तुमच्या पाइपला टिकली लागते, कारण मुळात तोंड ओळखीचं नाही,” आमचे काका.

गंमत अशी की लाकूड एकच. भूमध्य समुद्राच्या काठी, कॉर्सिका, कॅलाब्रिया, अल्जीरिया असल्या उन्हातान्हाच्या उतारांवर एक झुडूप होतं, त्याच्या मुळाशी धरलेली गाठ म्हणजे ब्रायर. ती गाठ कापून बटाट्यासारखी तासन्‌तास उकडतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात. एकाच टेकडीवरची एक गाठ डब्लिनला गेली, दुसरी लंडनला. इथं पार्ल्यात दोन माणसं त्यांच्यावरून तीस वर्षं भांडली.

पण हे मी कुणाला सांगतोय? आमच्या आजोबांना गायछापच लागायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना दुकानात ती संपली होती म्हणून दुसऱ्या छापाची पुडी घेऊन आलो. आजोबांनी ती उघडलीसुद्धा नाही. तळहातावर ठेवून नुसती जोखली आणि म्हणाले, “जा, परत देऊन ये.” भर उन्हात. मग संगमनेरची ती पुडी दुसऱ्या आळीतून मिळाली, तेव्हा कुठं घरातलं वातावरण निवळलं. तेच आजोबा काकांचा पाइप भरण्याचा सोहळा पाहून म्हणायचे, “एवढा लवाजमा करून शेवटी निघायचा तो धूरच ना?” त्यांचा स्वतःचा चुना मळण्याचा सोहळा काही लहान नव्हता.

पाइप भरण्याविषयी ओढणाऱ्यांमध्ये एक जुना दाखला आहे. पहिला थर लेकराच्या हातानं दाबावा, दुसरा बाईच्या, तिसरा बाप्याच्या. म्हणजे आधी अगदी हलकं, मग जरा घट्ट, मग चांगलं दाबून. काका प्रत्येक गोष्ट शब्दशः घेणारे. घरात लेकरू होतंच. सुट्टीत राहायला गेलो की जेवणानंतर मला हाक यायची, “चल, पहिला थर!” मी दोन बोटांनी त्या काळ्या भोकात तंबाखू टाकायचो आणि करंगळीनं दाबायचो. काका पाइप तोंडात धरून एक कोरडा झुरका घेऊन बघायचे आणि मान हलवायचे. पास. मग ते आत बघून म्हणायचे, “अहो, दुसरा थर!”

काकू एकदाही आली नाही. तिची विणायची वेळ असायची. ती दुपारभर सुया चालवत बसे, आणि तिचंही तसंच: लोकर एकाच दुकानाची, एकाच छापाची, मग तिच्यासाठी दादरला जावं लागलं तरी बेहत्तर. “हात भरलेत माझे,” ती आतून म्हणायची. मग दुसरा आणि तिसरा थर काकांनाच दाबावा लागे. त्यामुळे आमच्या घरचा पाइप नेहमी थोडा जास्त घट्ट भरला जायचा आणि सारखा विझायचा. याला पीटरसन काय करणार?

पुढं डॉक्टरांनी एकदा बॅटरी मारून तोंडात पाहिलं आणि गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दाखवला. तपासण्या झाल्या, निभावलं. पण काकांनी त्याच दिवशी ओढणं सोडलं. एक झुरका नाही त्यानंतर. घरच्यांना वाटलं, आता हे पाइप कुणाला तरी देऊन टाकतील. झालं उलटंच. ओढायचे तेव्हा त्यांच्याकडे अकरा होते, बाकीचे वीस सोडल्यानंतर आले. रविवारी चोरबाजारात जायचे आणि कुणाचा तरी जळका, दातांनी चावलेला पाइप घेऊन यायचे. मग घासणं, पुसणं, तेलपाणी. एकादश्यांचा विनोद त्याच काळातला. आता मला कळतं, की ज्याला उपास आहे त्यालाच तो सुचणार.

तर शनिवारी मी एकेक मोजा सोडत होतो. काकांचं भिंग डब्यातच होतं. पहिलाच पाइप तो डब्लिनचा. दांड्याभोवतीचं कडं काकू दर दिवाळीला रांगोळी लावून चकाकवायची, कारण ते चांदीचं. डब्लिनच्या चांदीवर शुद्धतेच्या परीक्षेचे छाप असतात, त्यांतल्या एका अक्षरावरून साल काढता येतं, हे काकांनीच शिकवलेलं. म्हणून साल बघायला भिंग लावलं. तीन छाप होते खरे. पण एक तीनपानी शामरॉक, एक शिकारी कुत्रा, एक गोल बुरूज. हे छाप पीटरसनवाले निकेलच्या कड्यावर मारत. दिसायला हुबेहूब चांदीच्या छापांसारखे, आणि अर्थ काही नाही. आयर्लंडची तीन चित्रं, बस्स.

काकूला सांगितलं नाही. तीस दिवाळ्यांची रांगोळी त्यात होती.

सहावा का सातवा मोजा सोडला आणि आतून ठिपका निघाला.

पीटरसनवाल्याच्या डब्यात पांढरा ठिपका! मी तो पाइप हातात घेऊन नुसता बघत राहिलो. त्या ठिपक्याचं मूळ तसं अगदी साधं आहे. आल्फ्रेड डनहिल आधी घोड्यांचं सामान आणि मोटारींच्या वस्तू विकणारा माणूस. उघड्या मोटारीत वारा लागून विझू नये म्हणून आडोसा बसवलेला पाइपही त्यानं काढला होता. 1907 मध्ये त्यानं लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान घातलं, 1910 पासून स्वतः पाइप करायला लागला. हातानं घासून बसवलेली तोंडाची नळी उलटी लावली तर नीट बसायची नाही. म्हणून वरची बाजू कळावी, एवढ्यासाठी तो ठिपका, असं सांगतात. ही बाजू वर. आपण खोक्यांवर बाण काढतो ना, तसंच. पुढं त्या बाणाचीच पूजा सुरू झाली.

अस्सल डनहिलच्या दांड्यावर ‘इंग्लंड’ या अक्षरांपुढं एक बारका आकडा असतो, त्यावरून साल लागतं. भिंग लावलं. आकडा नाही. डनहिलचं नावही नाही. नुसतं ‘लंडन मेड’. लंडनमध्ये केलेला, पण कुणी केला ते सांगायची कुणाला गरज वाटली नाही, असला पाइप. आणि ठिपका मध्यावर नव्हता. केसभर डावीकडे सरकला होता, कपाळावर घाईत लावलेल्या टिकलीसारखा.

डब्याच्या तळाशी कागदाची एक सुरळी होती. त्यात ड्रिलचं एक बारीक पातं आणि पांढऱ्या प्लास्टिकची एक विणायची सुई. टोकाकडून कापलेली.

फसवायला केला म्हणावं, तर बँकवाले काका बडोद्याला लेकीकडे राहायला गेले त्याला काका जायच्या आधीच दहा वर्षं होऊन गेली होती. गॅलरीतली दुसरी खुर्ची रिकामी. हा पाइप कुणाला दाखवल्याचं मला आठवत नाही. मग काय, रविवारी दुपारी दोन्ही बाजू स्वतःच लढवायला? एका हातात विहीर, दुसऱ्या हातात टिकली? की सहजच, हातात पातं होतं म्हणून? बोटीवरच्या माणसाला भोक पाडायला कारण लागत नाही.

“बघू,” म्हणत काकूनं माझ्या हातातली सुई घेतली. डोळ्यांजवळ नेली. “माझी दहा नंबरची!” ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दुसरी सुई होती. तशीच, पांढरी.

“इतकी वर्षं एकटी सुई ठेवलीस तू?”

“अरे, एक असली की दुसरी सापडते कधीतरी.”

तिनं दोन्ही सुया मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या, मागची टोकं जुळवली. कापलेली सुई चांगली बोटाच्या दोन पेरांएवढी आखूड होती. काकूनं त्या ठिपक्यावर नख ठेवून पाहिलं, मग त्या दोन पेरांकडे.

“एका टिकलीला एवढी लागते का रे?”

मी डब्याकडे बघितलं. चोवीस मोजे अजून बांधलेलेच होते. काकूनं चष्मा लावला, माझ्यासमोर फतकल मारून बसली, आणि पहिल्या मोज्याची गाठ तिनं सोडली.