पट्टा पडला आणि बैल गेले

बैलांची परमिशन काढणं म्हणजे काय असतं ते आधी सांगते, नाहीतर त्या दिवशी आमची एवढी तारांबळ का उडाली ते कळणार नाही. सिनेमात जनावर दाखवायचं तर 2001 च्या नियमांप्रमाणे शूटच्या आधी प्राणी कल्याण मंडळाकडे अर्ज करावा लागतो, त्यांचं ऑफिस हरियाणात बल्लभगडला. जनावर कुणाचं, मालकाची संमती, डॉक्टरचं तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट, सीनमध्ये जनावर नक्की काय करणार, सगळं कागदावर. आणि शेवटी सेन्सॉरला गेलात की ते पत्र जोडल्याशिवाय फाईल हलत नाही. म्हणजे कुठलेही दोन बैल उभे केले असं चालत नाही, कागदावर आहे तीच जोडी कॅमेऱ्यासमोर पाहिजे.

फिल्म ऊसतोडीवरची. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ भागात शूट, मार्च महिना, हंगाम शेवटाकडे आलेला. पैसे माझे, माझ्या भावाचे, दोन मित्रांचे आणि थोडे उधारीचे. निर्माता म्हणून कुणी एक माणूस नव्हताच, त्यामुळे ओरडायलाही कुणी नव्हतं, ते एक बरं होतं. कारखान्याच्या गाडीतळावर, म्हणजे बैलगाड्या सुटतात त्या मोकळ्या जागेत, बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या (बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या) होत्या, त्यातल्या केजच्या एका गाडीवानाची खिलार जोडी आम्ही ठरवली होती. इसार दिला होता, परवानगी आली होती, नट रोज संध्याकाळी जाऊन बैलांना वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, खायला घालून ओळख करत होता. सगळं अगदी शिस्तीत. इंडी फिल्मवाले म्हणजे बेशिस्त असं ज्यांना वाटतं त्यांना आमची फाईल दाखवायला पाहिजे.

फिल्मचा मधला सगळ्यात मोठा सीन त्या बैलांवर होता. पहाटे नवरा गाडी जुंपतोय, बायको चुलीपाशी, उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांच्या हिशोबावरून दोघांचं वाजतं, आणि तो तिला जे बोलू शकत नाही ते बैलांना बोलतो. एकच लांब शॉट, चारेक मिनिटांचा, कॅमेरा कोपीतून बाहेर येतो, बैलांच्या भोवतीनं फिरतो, आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत चालत राहतो. त्या शॉटची रिहर्सल आम्ही बाकी कुठल्याही सीनपेक्षा जास्त केली होती.

कॉल टाइम पहाटे साडेतीनचा. अडीचच्या सुमारास प्रॉडक्शनच्या पोराचा फोन, "मॅडम, गाडीतळ मोकळा आहे." मला आधी वाटलं मोकळा म्हणजे गर्दी नाहीये, शूटला बरं. म्हणलं मग चांगलंय की. तो म्हणाला, "नाही मॅडम, मोकळा म्हणजे कोणीच नाहीये, पट्टा पडलाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पट्टा पडला म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं. आम्हाला सगळ्यांनी महिनाअखेर सांगितली होती, शेतकी ऑफिसनं, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयनं, मुकादमानंसुद्धा, पण ऊसच संपला तर कारखाना कशावर चालवणार. संध्याकाळी शेवटच्या गाड्या वजनकाट्यावर गेल्या आणि रात्रीत ट्रक लागले, कोप्यांचे बांबू, ताडपत्र्या, भांडी, कोंबड्या, पोरं, बैल, सगळं भरून मंडळी गावाकडं. पाच महिने पाचटात काढलेला माणूस एक रात्र जास्त कशाला थांबेल, आणि का थांबावं. मी गाडीवान दादांना फोन लावला तेव्हा ते सांगोल्याच्या पुढं होते. "ताई, तुमाला फोन लावत हुतो पर रेंज न्हवती. इसार मुकादमाकडं ठिवलाय बगा तुमचा." म्हणजे त्या गडबडीत त्यांनी आमचे पैसे परत करायची व्यवस्था केली होती, आणि तरी मी मनातल्या मनात चिडले होते, आता लाज वाटते.

चीफ एडी, म्हणजे माझा मुख्य असिस्टंट डिरेक्टर, म्हणाला दुसरी जोडी शोधू, जवळच्या दुसऱ्या कारखान्याचा हंगाम चालू होता. जोडी मिळालीही असती. पण कागद? नवा अर्ज, नवं सर्टिफिकेट, त्यात जाणारे दिवस, आणि आमचे नट तीन दिवसांनी नाटकाच्या दौऱ्यावर निघणार होते. कॅमेरा रेंटलचा मीटर चालूच. कुणीतरी असंही सुचवलं की काढून घेऊ, नंतर बघू. हे 'नंतर बघू' मी दुसऱ्यांच्या फिल्मवर असिस्टंट असताना पाहिलेलं आहे, नंतर कोणी बघत नाही आणि तयार फिल्म हार्डडिस्कवर पडून राहते.

आम्ही गाडीतळावर पोचलो तेव्हा जमिनीवर चुलींची राख, शेणाचे पो, खुंटे उपटलेली भोकं आणि वाढ्याचा ढीग एवढंच. आमच्या आर्ट डिरेक्टरनं उभारलेली एक कोपी तेवढी मधोमध उभी. आमच्या साउंड रेकॉर्डिस्टनं चहा घेता घेता सहज विचारलं, "बैल दिसलेच पाहिजेत का?" तो कोल्हापूरचाच आहे, फार बोलत नाही, बोलला की त्याच्या मशीनबद्दलच बोलतो. रेकीच्या वेळी तो दोन रात्री गाडीतळावर झोपला होता आणि बैलांचं सगळं रेकॉर्ड करून बसला होता. घुंगरमाळा, रवंथ, नाकातनं सोडलेला श्वास, खूर, जू मानेवर पडल्याचा आवाज, शिवळा घातल्याचा आवाज. तेव्हा मी त्याला म्हणलंही होतं की एवढं कशाला, सिंक साउंड, शूट करतानाच आवाज, तर घेतोच आहोत आपण.

तर तिथंच राखेत बसून सीन उलटा केला. कॅमेरा कोपीच्या बाहेर जाणारच नाही. बायकोवर थांबायचं, ती भाकरी थापतेय, बाहेर अंधारात नवरा, तो दारातून मधूनमधून अर्धा दिसतो, पाठ दिसते, हात दिसतो, दोर दिसतो. बैल दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. आणि तो बैलांना जे बोलतो ते आपण तिच्या चेहऱ्यावर बघतो. डीओपी, म्हणजे आमचा कॅमेरामन, नाखूश होता, त्याचा अख्खा मूव्ह गेला, शिवाय बाहेर लावायला आणलेले लाइट जनरेटरसकट वाया. साडेसहानंतर उजेड हाताबाहेर जाणार होता म्हणून वाद घालायला वेळच नव्हता, हे नशीब.

अडचण नटाची झाली. समोर काही नसताना दोर कसा ओढणार? घुंगरं बाहेर कुणी वाजवावीत तर रेकॉर्डिस्ट नको म्हणाला, डायलॉगवर आवाज चढला की मिक्सिंगला वेगळा काढता येत नाही. मग आमच्या एका लाइट दादांनी दोराचं दुसरं टोक धरलं आणि अंधारात अनवाणी उभे राहिले, नट ओढायचा, ते मागं खेचायचे, मान झटकायचे सुद्धा. नटानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उचलीचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. तिसऱ्या टेकला दादांच्या डोळ्यात पाणी, ते कटच्या आधी नाक ओढायला लागले, आणि रेकॉर्डिस्टनं हेडफोनवरचा हात न काढता अंगठा वर केला. तो श्वास आम्ही तसाच ठेवलाय, फिल्ममध्ये एका बैलाचा एक श्वास आमच्या लाइट दादांचा आहे.

शूट संपल्यावर एडिटला पहिला बळी गेला तो काट्यावरच्या रांगेचा. खऱ्या बैलगाड्यांची रांग, सूर्य मावळतोय, आधीच्या आठवड्यात काढलेला शॉट, फिल्ममधला सगळ्यात सुंदर. पण ते बैल आमच्या कागदात नव्हते. एडिटर म्हणाली ठेवून बघू, मी नाही म्हणाले. शिवाय एका सीनमध्ये बैल दाखवायचे नाहीत आणि दुसऱ्यात रांगच्या रांग दाखवायची, मग पहिल्याची जादू काय राहते. बिडी पण गेली. नवरा बिडी ओढतो तो क्लोजअप ठेवला असता तर त्या काळोखात खाली तंबाखूचा इशारा झळकला असता, आणि प्रेक्षक तोंड बघायचं सोडून ते वाचत बसला असता.

मिक्सिंग अंधेरीला. रेकॉर्डिस्टचे आवाज होतेच, उरलेलं फोलीवाल्यानं, म्हणजे स्टुडिओत हातानं आवाज बनवणाऱ्यानं केलं, ओल्या मातीच्या ट्रेमध्ये चामड्याचे तुकडे हाताला बांधून त्यानं खूर चालवले ते बघण्यासारखं होतं. 5.1 मध्ये, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरच्या मिक्समध्ये, बैल डावीकडच्या सराउंडला, मागच्या स्पीकरला ठेवले, म्हणजे प्रेक्षकाच्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी रवंथ करतंय. स्टुडिओत ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मिक्सिंग इंजिनिअर म्हणाला, "एकदा बाहेर ऐकू या. सगळीकडे सराउंड वाजतोच असं नाही."

म्हणून टेस्ट डीसीपी, थिएटरला चालणारी डिजिटल कॉपी, काढला आणि एका तालुक्याच्या थिएटरला, पहिल्या शोच्या आधी, ओळखीनं तासभर मागून घेतला. सीन आला. नवरा दारात उभा, दोर हातात, आणि बोलतोय. कुणाशी? घुंगरू नाही, श्वास नाही, काही नाही. वेडा माणूस हवेशी बोलतोय असं दिसत होतं, आणि बायको त्याच्याकडं बघतेय म्हणजे तर ती त्याच्या वेडामुळं रडतेय असा अर्थ निघत होता! डावीकडचे सराउंड स्पीकर बंद. ऑपरेटर भला माणूस, म्हणाला, "ते वाजत नाहीत खूप दिवस, कुणी तक्रार नाही केली." बरोबर आहे, मागनं येतं काय सहसा, पाऊस आणि टाळ्या. शिवाय स्टुडिओत आपण फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, 7 वर ठेवून मिक्स करतो आणि तिथं 4 वर चालू होता, म्हणजे जे वाजत होतं तेही अर्धं मेलेलं.

पुन्हा मुंबई, पुन्हा मिक्सचा एक दिवस, पुन्हा भावाला फोन. घुंगरमाळ आणि श्वास पुढच्या डाव्या स्पीकरला आणले, मागं फक्त रवंथ ठेवली. स्टुडिओत पहिल्याइतकं भारी वाटत नाही, खरं सांगते, खांद्यामागचा तो बैल गेला. पण ज्या माणसांवर फिल्म आहे ती माणसं फिल्म बघतील तर तालुक्याच्याच थिएटरला बघतील.

एका फेस्टिव्हलला शो झाला तेव्हा प्रश्नोत्तरात एका गृहस्थांनी उभं राहून सांगितलं की बैलांची अनुपस्थिती हे श्रमाच्या अदृश्यतेचं अत्यंत धाडसी रूपक आहे. मी हो म्हणाले. तिकीट काढून आलेल्या माणसाला परमिशनची गोष्ट कशाला सांगा. पण अडचणीतूनच कला जन्मते वगैरे मला कुणी ऐकवलं की राग येतो, कारण माझ्याकडे अजून आठवडाभराचे पैसे असते तर मी नवा अर्ज केला असता, थांबले असते आणि मूळचाच शॉट घेतला असता. तो वाईट झाला असता असं मला अजून पटलेलं नाही.

सेन्सॉरला काही त्रास झाला नाही. प्राण्यांचा रकाना 'नाही' करून दिला, यूए 13+ मिळालं.

मग गाडीवान दादांना फोनवर लिंक पाठवली. दोन दिवसांनी त्यांचा फोन. पहिलं वाक्य, "ताई, घुंगरमाळा आमच्याच हायेत." म्हणलं हो, रेकीला रेकॉर्ड केलेल्या. मग जरा थांबून म्हणाले, पिक्चर झ्याक हाय, बाईचं काम लई भारी, पर एक सांगू का, त्या येळंला बैलाशी कुनी एवढं बोलत न्हाई, बैल बी झोपंत आसतो आन मानूस बी, हाणायचं बी तराण नसतं. दोनतीन शब्दात भागतं. मी विचारलं कुठले शब्द, त्यांनी सांगितले, आणि ते माझ्या अख्ख्या संवादापेक्षा बरे होते. रात्रभर तो सीन डोक्यात नव्यानं लिहित बसले. पण सर्टिफिकेट आल्यावर एक शब्द बदलायचा तरी फिल्म परत बोर्डाकडे न्यावी लागते, आणि नट त्या दोन शब्दांसाठी डबिंगला येतो म्हणाला तरी स्टुडिओचं आधीचंच बिल थकलेलं आहे. त्यामुळे आहे तशीच लागणार, सकाळी साडेदहाचा शो मिळालाय.