पडून आहेत तर स्वस्तात का देत नाहीत?

मी गाड्यांच्या शोरूममध्ये हिशेब बघते हे कळलं की लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत हा प्रश्न येतोच. परवा शेजारच्या बागायतदार काकांनी विचारला: "मे संपत आला नि गिऱ्हाईक नसलं की आम्ही आंबा मिळेल त्या भावाने देऊन मोकळे होतो. तुमच्या गाड्या यार्डात पडून असतात म्हणतेस, मग निम्म्या किमतीत का नाही काढत?" तुम्हीही अनेकांनी हेच विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. रत्नागिरीत या कामाला मला सोळा वर्षं झाली. 2019 ची मंदी मी स्टॉकच्या रजिस्टरमध्ये रोज बघितली आहे.

आंबा थांबत नाही, म्हणून भाव पडतो. पाऊस तोंडावर आला की जो माल पेटीत जायचा तो किलोच्या भावाने कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला जातो. गाडीला कॅनिंग नाही. आज सहा लाखांची गाडी कंपनीने उघडपणे साडेचारला केली, तर गेल्या महिन्यात सहा मोजून गेलेला माणूस उद्या दारात उभा राहील, आणि त्याचं चुकणार नाही. त्याहून मोठी पंचाईत जुन्या गाड्यांची. पुष्कळ लोक जुनी देऊन नवी घेतात. नवीची किंमत पाडली की जुनीची आपोआप पडते, मग जुनीवर जो हिशेब बसवून तो नवी घेणार होता, तो हिशेबच मोडतो. म्हणून किमतीचा कागद तसाच ठेवतात आणि सूट वेगवेगळ्या नावांनी देतात: रोख सूट, एक्सचेंज बोनस, शिक्षकांसाठी वेगळी योजना, विमा आमच्याकडून. डिसेंबरमध्ये ही सूट सगळ्यात जास्त असते, कारण 1 जानेवारीला तीच गाडी कागदावर एका वर्षाने जुनी होते.

आता जी गोष्ट लोकांना माहीत नसते ती सांगते. कंपनीने महिन्याला अमुक हजार गाड्या विकल्या अशी बातमी येते, तेव्हा त्या बहुतेक वेळा कारखान्यातून डीलरकडे पाठवलेल्या गाड्या असतात. आमच्या नावाने बिल फाटलं की कंपनीच्या वहीत विक्री झाली. ती गाडी कुणाच्या अंगणात हार घालून उभी राहिली की आमच्या यार्डात पत्र्याखाली, हे त्या आकड्यात दिसत नाही. ते कळतं आरटीओच्या नोंदणीवरून, आणि मंदीत या दोन आकड्यांत मोठं अंतर पडतं. डीलर तो माल कर्ज काढून घेतो. सहा लाखांची गाडी आणि दहा टक्के व्याज धरा. दिवसाला एकशे चौसष्ट रुपये. दोन महिने उभी राहिली तर जवळजवळ दहा हजार. डीलरला एका गाडीमागे चार टक्के सुटतात असं धरलं तर चोवीस हजार, त्यातले दहा व्याजात गेले, आणि गिऱ्हाइकाच्या सवलतीतला आपला वाटा अजून द्यायचाच आहे. डीलरांच्या संघटनेने सांगितलं होतं की 2024 च्या सप्टेंबरअखेर देशभर 80 ते 85 दिवस विकायला पुरेल इतका माल साठलाय. तीस दिवसांच्या आत असावा अशी अपेक्षा असते. तो आकडा वाचला आणि मला रात्री झोप लागली नाही, कारण त्यातला एकेक दिवस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

2019 च्या पावसाळ्यात आमच्या यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. समुद्राची हवा, त्यात चार महिने धो धो. आठ दिवस गाडी हलली नाही की ब्रेकच्या चकत्यांवर तांबूस गंज धरतो. बॅटऱ्या उतरतात. एकाच जागी उभी राहिली तर टायर खालून बसतो, म्हणून आमचा यार्डातला माणूस दर सोमवारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन यायचा, एकेक गाडी चालू करून हातभर पुढे घ्यायचा, पुढच्या सोमवारी मागे. काचा बंद राहिल्या की आत कोंदट वास, सीटवर बुरशीची पांढरी लव. तो फडक्याने पुसायचा, डांबरगोळ्या ठेवायचा. बॉनेटखाली उंदीर. कधीच न विकलेल्या, शून्य किलोमीटरच्या गाड्यांच्या वायरी कुरतडलेल्या मी पाहिल्यात.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची घाऊक, म्हणजे कारखान्यातून डीलरकडे होणारी विक्री आदल्या वर्षीपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त घसरली. कारण एक नव्हतं. 2018 च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी कोसळली आणि वित्त कंपन्यांचे हात आखडले. आमच्याकडची निम्मीशिम्मी गिऱ्हाइकं अशाच कंपन्यांच्या कर्जावर गाडी घेणारी. त्याच महिन्यापासून नव्या मोटारीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागू लागला. पुढे 1 एप्रिल 2020 पासून बीएस सिक्स, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम येणार होते, म्हणून बरेचजण थांबले. त्या थांबण्यात चूक नव्हती. मीही माझ्या भावाला थांब म्हणाले होते.

कारखाना एका बटणाने थांबत नाही. प्रेस शॉप, पेंट शॉप, साचे यांत घातलेल्या पैशाचं व्याज गाडी बनली नाही तरी चालूच असतं. म्हणून आधी माल बनवत राहतात आणि डीलरकडे ढकलतात. ते तुंबलं की ओव्हरटाइम बंद. मग तिसरी पाळी बंद. मग पुण्याकडे ज्याला ब्लॉक क्लोजर म्हणतात ते, म्हणजे ठरवून काही दिवस कारखाना बंद. आणि या सगळ्याच्या बरोबरीने, गाजावाजा न करता, कंत्राटी माणसं कमी. मारुतीचे अध्यक्ष भार्गव यांनी त्या ऑगस्टमध्ये स्वतःच सांगितलं होतं की तीन हजार हंगामी कामगारांचं कंत्राट पुढे वाढवलेलं नाही. 7 आणि 9 सप्टेंबरला त्यांचे गुरुग्राम आणि मानेसरचे कारखाने बंद राहिले.

त्याच आठवड्यात आमच्या गावात गौरी-गणपती होते. शेजारचा मुलगा पुण्याजवळ चाकणला वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचे जुडगे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात, तोही ठेकेदाराकडून. दर वर्षी त्याचा रजेवरून तंटा. चतुर्थीच्या आदल्या रात्री कुंभार्ली घाटातून उभ्याने यायचा आणि गौरी गेल्या की निघायचा. त्या वर्षी तो आठ दिवस आधी आला. मखर त्यानेच बांधलं, घरावरची कौलं परतली. त्याच्या आईला आनंद झाला. मला रजिस्टर माहीत होतं, त्यामुळे पोटात गोळा आला. विसर्जनानंतर ओटीवर बसून मी विचारलं, "कामावरून काढलं का रे?"

"काढलं नाय काकी. ठेकेदार म्हणाला, फोन केला की ये."

काढलं असतं तर निदान हिशेब झाला असता. फोन करतो म्हटल्यावर माणूस दुसरीकडे काम धरायलाही बिचकतो. वाडीत त्या पावसाळ्यात असे चौघे होते.

म्हणून मला जेव्हा विचारतात की मंदीत मोटार उद्योग तग कसा धरतो, तेव्हा माझं उत्तर हेच असतं: ओझं खाली सरकवून. कंपनीकडून डीलरकडे आणि सुटे भाग बनवणाऱ्याकडे, तिथून ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून त्या मुलाकडे. त्याच्याखाली कुणी नसतं. हा काही निसर्गाचा नियम नाही. 2009 मध्ये जर्मनीने जुनी गाडी भंगारात काढून नवी घेणाऱ्याला 2,500 युरो दिले, पण त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं कुर्झआर्बाइट. माणसाला काढायचं नाही, तास कमी करायचे, बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग सरकारी निधीतून भरायचा. त्याच वर्षी ह्युंदाईने अमेरिकेत सांगितलं, गाडी घ्या, वर्षभरात नोकरी गेली तर परत आणून द्या. बाजार कोसळलेला असताना त्यांची तिथली विक्री वाढली. लोकांना पैशाइतकीच उद्याची धास्ती होती, ते कुणीतरी ओळखलं. आपल्याकडे 2008 च्या डिसेंबरात उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरवलं, 2025 च्या 22 सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. त्याने गाड्या हलतात, मी यार्डात पाहिलंय. पण गाडी हलेपर्यंतच्या महिन्यांत ओटीवर बसलेल्या मुलाचं काय, याला आपल्याकडे अजून उत्तर नाही, आणि ते असायला हवं.

त्या मुलाला दिवाळीनंतर फोन आला. महिन्याला बारा-चौदा दिवसांचं काम. तो गेला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि एप्रिल 2020 मध्ये मोठमोठ्या कंपन्यांची देशातली विक्री शून्य झाली. पुन्हा फोन आलाच नाही.

शोरूमला मंदीत जगवतं ते वर्कशॉप. नवी घेणं लांबलं की लोक जुनीच दुरुस्त करून वापरतात. टाळेबंदी उठल्यावर वायरिंगच्या कामाला माणूस हवा होता, मी मालकांशी बोलले. हार्नेस बनवलेला मुलगा, रंग बघून वायर ओळखतो. आता पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या गाड्या त्याच्याकडेच येतात. गणपतीला तो दुपारपर्यंत काम करतो आणि आरतीला घरी असतो.