ई-रीडर आणि देवनागरीची ओळ

ई-रीडर घेताना बहुतेक जण त्यात किती पुस्तके मावतात हे आधी विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न पान कसे उलटायचे, हा असायला हवा. ठाण्याहून सकाळच्या जलद लोकलने उभ्याने जाणाऱ्याचा एक हात वरच्या कडीत अडकलेला असतो, आणि तेव्हा अंगठ्याखाली आपसूक येणारे बटण जे काम करते ते स्पर्शपडद्याला साधत नाही. पावसाळ्यात दारातून उडालेला थेंबही त्या पडद्याला बोटच वाटतो. तरीही अनेक यंत्रांवरून बटणे गेली, ती बहुधा देखणेपणापायी.

ई-रीडरच्या ई-इंक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईच्या, पडद्यात सूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे कण विद्युतभारामुळे वरखाली होतात. उमटलेले पान टिकवायला वीज लागत नाही, मात्र कण हलायला क्षणभर जातो. त्यामुळे मोबाइलप्रमाणे मजकूर सरकवत नेण्यापेक्षा पानापानाने वाचणेच इथे सोयीचे पडते.

खरी गोची मराठी वाचताना होते. रोमन लिपीच्या मापाने ठरवलेले ओळींमधले अंतर देवनागरीला अपुरे पडते, कारण आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय लोंबतात. वरच्या ओळीतल्या ‘तट्टू’चा ऊकार खालच्या ‘कीर्ती’च्या रफाराला टेकला की डोळा तिथे अडखळतोच. त्यात मजकूर दोन्ही समासांना भिडवला असेल, तर ‘महाविद्यालयांमधल्या’सारखा लांबलचक शब्द सबंध खाली उतरतो आणि वरच्या ओळीत भोके पडतात. अक्षर मोठे करून वाचणाऱ्या ज्येष्ठांना याचा त्रास सर्वाधिक, म्हणून उजवी कड मोकळी सोडण्याची सोय सेटिंगमध्ये सहज सापडेल अशी हवी. शब्दकोशाचेही तेच: ‘ओसरीवरच्या’वर बोट ठेवल्यावर ‘ओसरी’पर्यंत पोहोचता न येणारा कोश मराठी वाचकाच्या काय कामाचा?

जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफचा प्रश्न वेगळाच आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे; त्या काळातल्या छपाईचे पान सहा इंची पडद्यावर चित्र म्हणून येते, तेव्हा अक्षर वाढवून ओळी नव्याने मांडता येत नाहीत. अशा वेळी कोरे समास कापून टाकणे आणि यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचणे एवढेच हाती उरते; पण कापलेल्या समासांचे माप पुढच्या पानांसाठी लक्षात ठेवले जात नसेल, तर दर पानाला तीच खटपट करावी लागते.