धार जोरात, तरी इंजिन तापतंय

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घातली आणि कर्ली खाडीतून देवबागच्या संगमापर्यंत जायच्या आतच आमचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बसवलेलं इंजिन, तापलं. इंजिन जुनं, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं. तापमानाचा काटा-बिटा काही नाही; हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावर, पाण्याचा थेंब टाकला तर चुरचुरत उडून गेला. मागच्या भोकातून पाण्याची धार मात्र जोरात, म्हणून पंपावर संशयच येईना.

मालवणातल्या एका जुन्या मेस्त्रीकाकांना विचारलं. म्हणाले, "पाणी मारता हा, पण माथ्यापर्यंत पोचता खंय? स्लोवर तापता की फुल्लार?"

सगळी मेख या प्रश्नात आहे. पंपाचं रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, झिजलेलं असेल तर इंजिन फुल्लवरही तापू शकतं. आमचं फक्त स्लोवर तापत होतं. आमच्या इंजिनात धारेचं पाणी थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेच्या) आधीच बाहेर पडतं, त्यामुळे थर्मोस्टॅट बंद अडकला तरी धार छान दिसते. वेग वाढला की दाबाने दुसरी झडप उघडते आणि पाण्याला वाट मिळते.

खरी परीक्षा थर्मोस्टॅटवरच्या झाकणाच्या बोल्टची. मिठाने ते ॲल्युमिनियममध्ये असे धरून बसतात की जोर लावला तर डोकं तुटून हातात येतं. रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरवलं, सकाळी गॅसच्या टॉर्चने कडेने शेक दिला आणि पाना थोडा पुढे, थोडा मागे करत राहिलो. शेवटच्या बोल्टने अंत पाहिला, पण निघाला. आत थर्मोस्टॅटवर पांढरा खडा जमलेला. पातेल्यात पाणी उकळलं तरी तो उघडेना; नवा मात्र साठ अंशांच्या आसपास उघडला. पाण्याच्या वाटा तारेने मोकळ्या केल्या, गॅस्केट नवं घातलं.

खालचा गिअरकेस उतरवून इंपेलरही बदललं. त्याची पाती एका बाजूला वाकूनच राहिली होती. नवं साबणाच्या पाण्यात बुडवून, शाफ्ट इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवत बसवलं. कोरडं चालू केलं तर ते काही सेकंदांतच जळायला लागतं, म्हणून चाचणी थेट खाडीत घेतली. स्लोवर बराच वेळ ठेवलं, पुन्हा थेंब टाकला. चुरचुरला नाही.

आता समुद्रातून आलो की इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवतो, आणि गरम होईपर्यंत चालवतो. थंड असताना थर्मोस्टॅट बंदच असतो. लगेच बंद केलं तर हेडमधलं खारं पाणी आतच राहतं.